विहाराची किल्ली कोणाकडे?

अमरावतीतल्या आमच्या वस्तीत मागच्या पावसाळ्यात विहाराला दोन कुलुपं लागली. एक जुन्या समितीचं, त्यावर दुसरं तरुणांच्या मंडळाचं. कारण काय? स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री तिथे अभ्यासाला बसायची. ज्येष्ठ म्हणाले, पोरं मूर्तीकडे पाय करून झोपतात, पंखे रात्रभर चालतात, बिल कोण भरणार? पोरं म्हणाली, महिनाभर सभागृह रिकामं असतं, मग आम्ही एका खोलीत टीव्हीच्या आवाजात अभ्यास करायचा का? दोन्हीकडच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण त्या पौर्णिमेला आमच्या आयाबायांनी पायरीवर बसून वंदना घेतली. अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली ती याच शहरात. आम्हाला लाज वाटली.

हे दुखणं फक्त आपलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. गुजरातेतल्या ब्रदरन चर्चनेही विलीनीकरणाचा ठराव केला. काही सभासदांना तो मान्य नव्हता. चर्चच्या इमारती कोणाच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल आला: नोंदणीकृत ट्रस्टची मालमत्ता नुसत्या ठरावाने दुसऱ्याकडे जात नाही. दरम्यान त्रेचाळीस वर्षं गेली. कोर्टाने कागद पाहिले. मित्रांनो, तुमच्या विहाराचे कागद कुठे आहेत? विश्वस्त वारले, बदलले, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे नोंदवलेल्या विश्वस्तांपैकी तिघे हयात नव्हते, आणि भांडत होतो आपण किल्लीसाठी!

वापराचे सगळे वाद सारखेही नसतात. अभ्यास, लग्न, तेरवी यांचा प्रश्न वेळेचा आणि बिलाचा आहे. तो वस्तीने बसून सोडवावा. राजकीय सभेचं मात्र तसं नाही. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला वापरायला १९८८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. दुसऱ्यांच्या देवळात प्रचार झाला की आपण तक्रार करतो, आपला उमेदवार विहारात आला की हार घालतो. अकोल्याच्या कार्यकर्त्यांना हे कडू लागेल, तिथे राजकारण घराघरात आहे. पण अकोल्यानेच मोठ्या सभा मैदानात घेण्याची सवय लावली आहे ना? मग विहारात एक गट बसला आणि दुसऱ्या गटाची म्हातारी वंदनेला यायची थांबली, असं कशाला होऊ द्यायचं?

आमची कुलुपं पोलिसांनी उघडली नाहीत. अंगणात सतरंजी टाकून सभा झाली, ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं त्या बायांना आधी बोलायला दिलं. एकीने विचारलं, "वर्गणी देतानी आमचं नाव हाय, किल्लीत काहून नाही?" कोणाकडे उत्तर नव्हतं. मग लिहून ठरलं: सकाळ-संध्याकाळ वंदना, रात्री नऊनंतर मागच्या खोलीत अभ्यास, पोरांचा सबमीटर वेगळा, मोडेल त्याची नोंद रजिस्टरमध्ये. तिसरी किल्ली महिला मंडळाकडे.

पोरांचं दोन महिन्यांचं बिल अजून बाकी आहे. समितीचा बदल अर्जही अजून गेलेला नाही. पुढच्या रविवारी दोन्हींसाठी पुन्हा बसणार आहोत.