बाळंतिणीचे पाय चोळण्यापूर्वी
घरात बाळंतीण असली की चाळीस दिवस मालिशवाली ठरलेलीच. हलक्या हाताने पाठ-खांदे चोळले तर अंग मोकळे होते, झोपही लागते. सिझेरियन झाले असेल तर मात्र टाके नीट भरेपर्यंत पोटाला हात लावू देऊ नका.

खरी भीती पायाची. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ‘वात धरलाय, जोराने चोळा’ असे नानी म्हणतील. त्यांचा मान राखा, पण पाय चोळू देऊ नका! बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला, छातीत दुखले तर थेट इस्पितळ गाठा.