हॅलोविनचे नियम आधी सांगा

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या घरांच्या दारांत कोरलेले भोपळे दिसू लागतात. ऑगस्टमध्ये तिथे पोहोचलेल्या विद्यार्थ्यांसाठी बहुधा हा पहिलाच परका सण. ३१ तारखेच्या संध्याकाळी चिमुरडी भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि अनोळखी शेजारी हसत दार उघडतात. नव्या विद्यार्थ्यांनी त्यात जरूर सामील व्हावं.

मात्र त्याचे नियम त्यांना आधी कळायला हवेत. बाहेरचा दिवा लागलेला असेल तरच बेल वाजवायची, हा साधा संकेतही नवख्याला ठाऊक नसतो.

१९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे योशिहिरो हातोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला, चुकून भलत्याच घरी गेला आणि घरमालकाच्या गोळीला बळी पडला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पुढे हातोरीच्या आईवडिलांनी बंदुकांवरील निर्बंधांसाठी लाखो सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली.

वेशभूषेचंही भान लागतं. एखाद्या समाजाचा पेहराव सोंग म्हणून वापरू नये, यासाठी २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनीच पोस्टर मोहीम चालवली होती.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांची नोंद होती. विद्यापीठांच्या स्वागतसत्रांत व्हिसा आणि विम्याची माहिती मिळते. त्यातच हॅलोविनसाठी अर्धा तास ठेवावा. पत्ता कसा तपासावा, कुठलं दार टाळावं, अडचणीत ९११ वर काय सांगावं, हे तिथल्या भारतीय विद्यार्थी मंडळांनीही सप्टेंबरमध्येच नव्यांना समजावून द्यावं.