बुडित गावांच्या दप्तरावर मालकी कोणाची?

कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि राज्यातील कारखानदारीला बळ मिळाले. ज्यांची घरे-शेते शिवसागर जलाशयाखाली गेली, ते मात्र ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असे विखुरले गेले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला तो १९७६ साली. म्हणजे उठवले गेले तेव्हा कोयनेच्या धरणग्रस्ताच्या पाठीशी कायदा नव्हता. त्याचा हक्क जो काही शाबूत राहिला, तो कागदांत: संपादनाचे निवाडे, मोजणीचे नकाशे, पंचनामे, संकलनाच्या याद्या. २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला, तेव्हाही वादाच्या मुळाशी हेच कागद होते.

आज तिसऱ्या पिढीतील एखादा तरुण हे सारे दप्तर संकेतस्थळावर मांडू शकतो. खर्च किरकोळ आहे. पाच-सहा जिल्ह्यांत पांगलेल्या गावकीला एकत्र वाचता येईल असे दुसरे साधनही नाही. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही: हे कागद कायद्याने कोणाचे?

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार सरकारी लेखनाचा पहिला मालक सरकार असते आणि हा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६२ साली छापलेला सरकारी अहवाल १ जानेवारी २०२३ ला मुक्त झाला. पण जो कागद कधी प्रसिद्धच झाला नाही, त्याची साठ वर्षे सुरूच होत नाहीत! छापील अहवाल मोकळा आणि अभिलेख कक्षात कुजणारे टिपण मात्र अनंतकाळ सरकारच्या मालकीचे, असा हा न्याय आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला.

सवलती आहेत. राजपत्रातील मजकूर, न्यायालयांचे निकाल, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल (सरकारने मनाई केली नसेल तर) कोणीही छापावेत. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे सरकारला स्वतःच्या स्वामित्वहक्काचे कारण पुढे करून नक्कल नाकारता येत नाही. मात्र नक्कल हाती पडणे वेगळे आणि ती चारचौघांपुढे मांडण्याचा हक्क वेगळा. पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळाला, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विशेष खटकते. जमीन एकाने घेतली की दुसऱ्याची जाते. कागदाची नक्कल केल्याने मूळ कागद तसूभरही कमी होत नाही. स्वामित्वहक्काचे समर्थन एवढेच, की लेखकाला मोबदला मिळाला नाही तर तो लिहिणार नाही. तलाठ्याने पंचनामा रॉयल्टीच्या आशेने लिहिला होता काय? त्याचा पगार जनतेने दिला आणि पंचनाम्यातली जमीनही जनतेचीच गेली. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत संघ सरकारच्या लेखनावर तेथे स्वामित्वहक्कच नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये खुल्या आकडेवारीसाठी मुक्त परवाना राजपत्रात जाहीर केला. पुनर्वसनाच्या दप्तरासाठी तसाच परवाना राज्य सरकारने द्यावा, ही मागणी धरणग्रस्तांच्या निवेदनांत जमीन आणि नागरी सुविधांच्या बरोबरीने आली पाहिजे.

तथापि कार्यकर्त्यांनी सरकारी मालकीला विरोध करताना माणसांच्या हक्काकडे डोळेझाक करू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची छायाचित्रे सर्रास उचलली जातात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालतो. जात्यावरच्या ओवीला कवयित्री सापडत नाही, पण गाणारी बाई कायद्याने कलावंत आहे. तिची संमती हवी आणि नावही हवे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जमवलेल्या लाखभर ओव्या ‘परी’ या ग्रामीण संग्रहाने संकेतस्थळावर आणल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासह. यादी चढवताना आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाकणे हेही आपलेच काम. गंमत अशी की २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने खासगीपणाच्या नावाखाली माहिती अधिकारातच कपात केली, त्यामुळे कोणाला किती जमीन मिळाली हे विचारणेही आता अवघड होईल.

तक्रार आली म्हणून घाबरून सारे पुसून टाकू नये. संकेतस्थळाला जागा देणारी कंपनी तक्रारीवरून मजकूर एकवीस दिवस रोखू शकते. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणून प्रत्येक कागदाखाली तो कोणत्या कार्यालयातून, कोणत्या तारखेच्या अर्जावर मिळाला हे लिहावे आणि सोबतचे सरकारी पत्र जपून ठेवावे.