तपासणीत काही नाही, मग ही खाज कशाची?



एका वाचक बंधूंनी नाव न घालता पत्र पाठविले आहे. ते यंत्रमागावर काम करतात. आठ महिन्यांपासून जांघेत व लिंगावर खाज, लाली आणि आग आहे. एचआयव्ही व व्हीडीआरएल या तपासण्या दोनदा केल्या, दोन्ही वेळा निगेटिव्ह आल्या. ते लिहितात, "डॉक्टर म्हणतात काही नाही. पत्नी वेगळी निजते. मी वाईट मार्गाला गेलेलो नाही, पण विश्वास कोण ठेवणार?"

बंधू, या दोन तपासण्या एचआयव्ही आणि गरमी हे दोनच आजार शोधतात. ते नाहीत, ही चांगली गोष्ट झाली. पण कातडीचे बहुतेक आजार रक्तात सापडत नाहीत. ते कातडीवरच शोधावे लागतात. पुन्हा पुन्हा रक्त देऊन उत्तर मिळणार नाही.

आपण शेवटी लिहिले आहे की, मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरे वाटते, सोडली की दुप्पट उठते. महत्त्वाची खूण हीच आहे. अशा मिश्र मलमात बहुधा स्टिरॉइड असते. त्याने लाली दबते, पण गजकर्णाची बुरशी आत वाढतच राहते. कातडी पातळ होते, आग सुरू होते. 2018 साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात.

कारणे आणखीही असतात. रात्री खाज वाढत असेल व घरात इतरांनाही असेल तर खरूज असू शकते. मग सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे. लिंगाच्या टोकाची कातडी वारंवार लाल होऊन चिरत असेल तर रक्तातील साखर तपासावी. साबण किंवा जंतुनाशक द्रवानेही आग होते. भगिनींना त्या जागी पांढरे चट्टे व खाज असेल तर त्यांनीही अंगावर काढू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा कडक गाठ असेल तर ताबडतोब दाखवावी.

आता असे करा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. आजवर लावलेल्या सर्व ट्यूब सोबत न्या. लाज न धरता जागा दाखवा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहता येते. औषध मिळाले की खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. घामाचे कपडे रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा.

आणि जाताना पत्नीला सोबत न्या. डॉक्टरांचे बोलणे त्यांनी स्वतः ऐकू द्या. वहिनी, हे सदर आपण वाचत असाल तर एवढेच सांगतो: जांघेतली खाज हा बदचालीचा पुरावा नव्हे.