कंपासपेटीतला नाद

माणसाला एखादा नाद असावा, असे वडीलधारी माणसे सांगतात. आणि तो खरोखरच लागला की तीच माणसे कपाळाला हात लावतात. ‘नाद’ हा आपला शब्दच मोठा मिस्कील आहे. त्याचा एक अर्थ ध्वनी, दुसरा अर्थ वेड. यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत मला हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडले. मी घरी बसून हेडफोनचा ॲम्प्लिफायर तयार केला.

मराठीच्या प्राध्यापकाने संधी सोडवावेत, समास फोडावेत. तारा जोडण्याचा उद्योग त्याला सांगितला कोणी? हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला नाही असे नाही. विचारणाऱ्या व्यक्तीच्या जेवणाच्या टेबलावरच माझा कारखाना थाटलेला असल्यामुळे तिला तो अधिकारही होता. मी इतिहासाचा दाखला दिला. म्हटले, “अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि १९१० साली ते अमेरिकेच्या आरमाराला विकले.” यावर “त्यांची बायको तेव्हा पोळ्या कुठे लाटत होती?” एवढेच उत्तर आले. इतिहासकारांनी या मुद्द्याकडे लक्ष दिलेले माझ्या वाचनात नाही.

निमित्त झाले भाच्याचे. त्याने जाताना आपला जुना, कानभर मोठा हेडफोन मला देऊन टाकला. त्याच्यावर ‘३०० ओहम’ असे लिहिलेले. ओहम हे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचे माप. खिशातल्या फोनबरोबर येणारे साधे हेडफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात. त्यांना थोडक्या व्होल्टमध्ये भागते. तीनशे ओहमवाल्याला रेटा जास्त लागतो. फोनला जोडला, तर गाणे शेजारच्या वाड्यात चालले आहे असे वाटे. मधे एक ढकलणारा हवा. तो ढकलणारा म्हणजे ॲम्प्लिफायर.

तो बाजारात तयार मिळतो. पण चू मॉय नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक इतकी सुटसुटीत आकृती प्रसिद्ध केली, की तेव्हापासून जगभरचे हौशी लोक तीच घेऊन श्रीगणेशा करतात. नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, आठ पायांची एक आय.सी., थोडे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर, एवढाच संसार. परदेशातले लोक तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. आमच्याकडे मुलीची शाळेतली जुनी कंपासपेटी होती.

बाकीचे सामान पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास मिळाले. रेझिस्टरवर किंमत अंकांत नसते. रंगीत पट्ट्यांत असते. तपकिरी-काळा-तांबडा म्हणजे एक हजार ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. ही बाराखडी मला दोन दिवसांत पाठ झाली. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वृत्तांचे गण वर्षभरात होत नाहीत, त्यामागे रंग नसणे हेच कारण असावे.

या यंत्रातली खरी मौज आय.सी.च्या पोटात आहे. तिला मोकळे सोडले तर ती आवाज लाखांच्या पटीत फुगवू पाहते, आणि फुगवताना पार विद्रूप करते. म्हणून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश पुन्हा तिच्याच तोंडाशी, उलट दिशेने आणून सोडायचा. ती आपले बोलणे स्वतः ऐकते आणि सुधारते. ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला १९२७ साली कामावर जाताना हडसन नदीच्या नावेत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर टिपून ठेवली. दहा हजार आणि एक हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावले, की लाखांचा तोरा उतरून अकरापट उरते. पण ती अकरापट स्वच्छ असते. व्याख्याने देणाऱ्या मंडळींना असे दोन रेझिस्टर बसवता आले तर किती बरे होईल!

आता मुख्य पात्राकडे येतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. वय शहात्तर. उभा जन्म तारा जोडण्यात गेला. आता हात थरथरतो. पण हाताचे त्यांना काही वाटत नाही. कानाचे वाटते. गेली दोन-तीन वर्षे ते पंगतीत सगळ्यांकडे पाहून नुसती मान डोलवीत. ‘सात वाजता निघायचे’ म्हटले तर आठला तयार होत. शेजारीपाजारी म्हणत, अण्णा हल्ली तिरसट झाले. आम्ही उभयता कारण ओळखून होतो. पण त्यांच्यापुढे ‘कान’ या शब्दाचा उच्चार करण्याची सोय नव्हती. एकदा डॉक्टरांचे नाव काढले, तर दोन दिवस अबोला.

टेबलावर डाख देण्याचा वास सुटला आणि अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. बऱ्याच महिन्यांनी ते आपण होऊन कोणाच्या शेजारी बसत होते.

“कथील तापवू नकोस, तार तापव,” ते म्हणाले. “तार तापली की कथील आपोआप धावतं. सांधा चमकला पाहिजे. मळकट दिसला तर तो गार सांधा. आज बोलेल, उद्या मुका होईल.”

आठ दिवस हा वर्ग चालला. शिकवणी लावून माझ्याकडे कोणी इतके लक्ष दिले नसेल. आय.सी. बसवण्याआधी त्यांनी बॅटरीचे दोन भाग सारखे, साडेचार-साडेचार व्होल्ट, पडतात का ते मीटरवर पाहायला लावले. पत्र्याला तारा टेकू नयेत म्हणून पेटीच्या तळाशी पोस्टकार्ड कापून घातले. शेवटी मी हेडफोनकडे हात नेला, तर म्हणाले, “थांब. आधी बाहेर किती वीज येतेय ते मोज. कान पुन्हा मिळत नाहीत.” मीटरने तीन-चार मिलिव्होल्ट दाखवले, तेव्हा परवानगी मिळाली.

जुने नाट्यसंगीत लावले. मी ऐकले, गाणे शेजारच्या वाड्यातून आमच्या माजघरात आले. मग हेडफोन अण्णांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे मिटले, मान हलू लागली. सतार, तबला, आलाप, सगळे त्यांना पोहोचत होते. नंतर त्यांनी खूण करून बातम्या लावायला सांगितल्या. आवाजाची खुंटी थोडी फिरवली, आणखी थोडी फिरवली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“आवाज वाढला,” ते म्हणाले, “शब्द वाढले नाहीत.”

मी काही बोललो नाही. ते पेटीकडे बघत राहिले आणि जुन्या सवयीने निदान सांगावे तसे म्हणाले, “यंत्र ठीक आहे. लाइन ठीक आहे. दोष ग्राहकाकडे आहे.”

त्या एका वाक्यासाठी आम्ही तीन वर्षे थांबलो होतो.

यातले शास्त्र मराठीच्या प्राध्यापकाला समजायला अवघड नाही. स्वरांचा आवाज खालच्या पट्टीतला आणि दणकट असतो. स, श, फ, थ ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि नाजूक. वयाबरोबर कान आधी वरची पट्टी सोडतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आपण बोलतो आहोत हे ऐकू येते. काय बोलतो आहोत हे येत नाही. ‘सात’मधला स गेला की उरते ‘आत’. ते ‘आठ’ झाले तर नवल काय? आपण ओरडतो तेव्हा स्वर वाढतात, व्यंजने तिथल्या तिथेच. माझी कंपासपेटी सगळ्यांनाच सरसकट अकरापट करते. कानाचे यंत्र ज्या पट्टीत जेवढे कमी, तेवढेच तिथे भरते. आणि त्यासाठी आधी तपासून कानाचा आलेख काढावा लागतो.

तो आलेख जूनमध्ये निघाला. अण्णांनी तो एखाद्या सर्किटसारखा बारकाईने वाचला, तपासणाऱ्या बाईंना चार प्रश्न विचारले आणि यंत्राला होकार दिला.

गणपतीपासून ते त्यांच्या कानात आहे. सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. घरातली भांडी फार वाजतात, वर्तमानपत्राचा कागद कर्कश झाला आहे आणि सून आपल्याविषयी काय बोलते ते स्पष्ट कळते, अशा तीन तक्रारी रोज येतात. तिसरीमुळे घरातले एकूण भाषाशुद्धीचे मान बरेच सुधारले.

वाचकहो, दिवाळीला घरे भरतील, फराळाला चार पिढ्या बसतील. कोपऱ्यात कोणी हसून नुसती मान डोलावताना दिसले, तर आवाज चढवू नका. समोर जाऊन बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. आणि जमलेच तर त्यांच्या हातात काहीतरी बिघडलेले यंत्र द्या. कान तपासायला माणूस एकदम तयार होत नाही. पण दुसऱ्याचा दोष शोधायला कोण नाही म्हणते?