बोरिवलीची पट्टी आणि आपली घरपट्टी



मुंबईच्या घरपट्टीशी कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मुलुंड आणि घाटकोपर आपण पाहिले ते मोर्चाला जाताना रेल्वेच्या खिडकीतून. अंधेरी-बोरिवली तर तेवढीही नाही. ती दुसऱ्या लाइनवर. शहरवाल्याला पट्टी जास्त बसली तर बसू द्या, इतकी वर्षे त्याने स्वस्त ज्वारी खाल्ली आणि स्वस्त कापूस नेसला, आता त्याच्या खिशाला चिमटा बसला तर आपण का रडायचे? बैठकीत असे बोलणारे निघतात. आम्हाला त्यांचा राग येत नाही, पण त्यांचे म्हणणे पटतही नाही.

पहिले कारण घरचेच आहे. आपल्या गावातली निम्मी तरणी पोरे आज कुठे आहेत ते पाहा. शेतीत भागेना म्हणून जी गेली, त्यातली काही मुंबईच्या उपनगरात दोन खोल्यांचे घर करून बसली. पट्टी त्यांच्या नावाने येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ज्या हिशेबाने बोरिवलीची पट्टी काढतात, त्याच हिशेबाने आता आपल्या गावच्या घराची काढू लागले आहेत. त्याकडे शेवटी येऊ.

आधी तिकडची गोष्ट. १९४७ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महापालिकेची पट्टी ठरत असे ती घर किती भाड्याने जाऊ शकेल यावर. त्याला करपात्र मूल्य म्हणत. भाडे कायद्याने गोठले म्हणजे पट्टीही गोठली. इकडे उपनगरे महापालिकेत आली ती मागाहून. अंधेरी, घाटकोपर १९५० साली. बोरिवली, मुलुंड १९५७ साली. तिथली घरे नवी. नव्या घराचे भाडे धरायचे तर जमिनीची आणि बांधकामाची ताजी किंमत धरून. मग व्हायचे ते झाले. शहरातल्या मोक्याच्या जागी, समुद्राचे वारे खाणाऱ्या जुन्या इमारतीला चौरस फुटामागे थोडी पट्टी आणि रोज दीड-दोन तास लोकलला लोंबकळणाऱ्या बोरिवलीकराला त्याहून कितीतरी जास्त.

हे वाचताना आपल्याला काही ओळखीचे वाटते की नाही? ज्वारीची लेव्ही आठवा. सरकारने ठरवलेल्या भावात ज्वारी घालायची, कारण शहरात धान्य स्वस्त पाहिजे. तशीच ही घरमालकावरची लेव्ही: भाडे स्वस्त पाहिजे, ते मालकाने सोसावे. लेव्हीने ज्वारी वाढली नाही, तसे भाडेनियंत्रणाने भाड्याचे घर वाढले नाही. भाड्याने देण्यासाठी घर बांधणेच लोकांनी सोडले, जुन्या चाळींची डागडुजी थांबली, पागडीचा व्यवहार सुरू झाला. १९९९ च्या नव्या कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पन्नास वर्षांच्या दुष्काळावर हा एक शिडकावा. आणि या सगळ्याचा बोजा कोणावर पडला? जो नियंत्रणाच्या बाहेर होता त्याच्यावर, म्हणजे उपनगरातल्या नव्या घरवाल्यावर. एका ठिकाणी भाव पाडला की दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी भरतो.

मग सुधारणा आली. २०१० पासून मुंबईत भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर पट्टी काढायचे ठरले. सरकारचा रेडी रेकनरचा दर घ्यायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचे, मग इमारतीचा प्रकार, वय, वापर असे गुणक लावायचे. एकदम वाढ नको म्हणून बांध घातला: राहत्या घराची पट्टी दुपटीहून जास्त वाढणार नाही, दुकान-कारखान्याची तिपटीहून जास्त नाही, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला पाच वर्षे वाढच नाही. एवढे बरे होते. पण अधिकाऱ्यांना तेवढ्याने समाधान कुठले? नियमांत अशी तरतूद घातली की जमिनीवर आज जे उभे आहे तेवढेच न धरता, पुढे जे बांधता येईल तेही मोलात धरायचे. म्हणजे आपल्या कोरडवाहू रानात उद्या कॅनॉलचे पाणी आले तर एकरी किती कापूस पिकेल तो धरून आजच सारा लावायचा! मालक मंडळी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली हे नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जे उभे आहे त्यावर पट्टी. जे कल्पनेत आहे त्यावर नाही. इतकी साधी गोष्ट कळायला बारा वर्षे आणि दोन कोर्टे लागली.

दरम्यान पुढाऱ्यांनी आपला नेहमीचा उपाय काढला. माफी. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पट्टी माफ करू असे वचन दिले गेले. २०१९ साली त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीच्या ओळी बिलावर राहिल्या. १ जानेवारी २०२२ रोजी पूर्ण माफी जाहीर झाली. सुमारे १६ लाख घरांना तिचा लाभ होईल असे सांगण्यात आले. ज्यांना मिळाली त्यांचे आम्ही अभिनंदनच करतो. गरिबाच्या ताटातला घास आम्ही मोजत नाही. पण माफी म्हणजे पट्टी कमी करणे नव्हे. रेषेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पूर्ण, आणि रेषा कुठे ओढायची ते निवडणूक ठरवणार. ५०० ची रेषा ७०० वर न्यायची भाषा निघालीच. कर्जमाफीच्या याद्या आपण पाहिल्या आहेत. पाच एकरवाला आत आणि सहा एकर खडकाळ रानवाला बाहेर, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

खरा प्रश्न दराचा आहे आणि दराच्या मागे खर्चाचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. बँकांतल्या ठेवी ८० हजार कोटींच्या घरात. (ठेवीतला बराच भाग कर्मचाऱ्यांच्या निधीचा, कंत्राटदारांच्या अनामतीचा आणि ठरलेल्या कामांचा असतो. ते बाजूला ठेवूनच बोलले पाहिजे. सरसकट 'एवढे पैसे पडून आहेत' म्हणणे खोटेपणा होईल.) पण एवढ्या मोठ्या संस्थेच्या कारभारावर मार्च २०२२ पासून २०२६ च्या आरंभापर्यंत लोकांचा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. प्रशासकाने दर ठरवायचे आणि प्रशासकानेच खर्च करायचा. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन २२७ नगरसेवक सभागृहात आले. आता त्यांना विचारता येईल.

काय विचारावे? आमच्या मते आधी बिल हातात घ्यावे. सर्वसाधारण कर, जल लाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर: आपल्या बाजारातल्या पट्टीवर आडत, हमाली, तोलाई, वाराई असते तसेच हे. सोसायटी पाण्याचे पैसे मीटरने भरते, तरी पाण्याच्या 'लाभा'ची ओळ वेगळी राहते. पाणी विकत घेतल्यावर पाण्याचा लाभ झाला म्हणून पुन्हा पैसे! नगरसेवकांनी पहिला हात इथे घालावा.

दुसरे, दर खाली आणून पसारा वाढवावा. हे नुसते बोलणे नाही, झालेले आहे आणि तेही पाटण्यात. पाटणा महापालिकेची पट्टी वार्षिक भाडेमूल्याच्या ४३.७५ टक्के होती. एवढी पट्टी कोण भरणार? मोजणाऱ्याचा हात ओला करून मोल कमी लिहून घेणे स्वस्त पडे. १९९३ साली त्यांनी दर ९ टक्क्यांवर आणला आणि मोल ठरवणे सोपे केले: घर कोणत्या रस्त्यावर, कशाने बांधलेले, कशासाठी वापरतात आणि किती चौरस फूट. एवढे पाहिले की झाले. मोजणाऱ्याची मर्जी गेली. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली ही पद्धत मान्य केली. आणि दर इतका उतरूनही वसुली वाढली. दर कमी आणि हिशेब घरमालकाला स्वतः करता येईल असा, तर माणूस पळत नाही.

मुंबईत पसारा वाढवण्याचा विषय निघाला की सगळे पक्ष एका सुरात विरोध करतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या व्यवसायाच्या गाळ्यांना पट्टी लावायचे म्हटले तर गदारोळ झाला. झोपडीत राहणाऱ्यावर लावू नका, कबूल. पण तिथे धंदा करून कमावणारा आणि मुलुंडच्या बाजारात गाळा घेऊन कमावणारा यांत एकाने भरायचे आणि एकाने नाही, याला न्याय म्हणता येत नाही. जो भरत नाही त्याचे जो भरतो तो भरतो.

उलट बाजूचा धडाही सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली लोकांनी मतदान करून पट्टी मोलाच्या १ टक्क्यावर बांधली आणि मोल वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही असे ठरवले. घर विकले गेले तरच नवे मोल. लोकांना दिलासा मिळाला खरा. पण पुढे शेजारी-शेजारी असलेल्या सारख्या दोन घरांना वेगळी पट्टी बसू लागली, कारण एकाने लवकर घेतले आणि दुसऱ्याने उशिरा. म्हणजे गिरगाव आणि बोरिवलीच पुन्हा. वाढीला बांध हवा. मोल गोठवणे नको.

आता एक गोष्ट आपल्याविरुद्ध जाते तीही सांगितली पाहिजे. अंधेरीच्या दुकानदाराच्या आणि कारखानदाराच्या बिलावर 'रोजगार हमी उपकर' नावाची ओळ असते. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली योजना राज्यभर राबली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि त्यासाठी शहरांवर उपकर आणि व्यवसाय कर बसले. आपल्या गावातले पाझर तलाव, नाला-बांध, खडी फोडणाऱ्या मायबहिणींची मजुरी, यात त्या दुकानदाराचा पैसा आहे. आम्ही ते नाकारत नाही. पण २००५ साली केंद्राचा रोजगार कायदा आला, मजुरीचा मोठा भार केंद्राने घेतला, तरी ओळ गेली नाही. ती कशाला लागते, तिचा पैसा कुठे जातो, हे विधिमंडळात विचारण्याचा हक्क दुकानदाराइतकाच आपलाही आहे. कारण वसूल होते ते आपल्या नावाने. उपनगरातल्या नगरसेवकांनी हा ठराव केला तर ग्रामीण आमदारांनी 'मुंबईवाले आमच्या जिवावर उठले' म्हणून ओरडू नये. हिशेब मागावा.

आणि आता आपले घर. २०१५ च्या अखेरीस ग्रामपंचायतींच्या कराचे नियम बदलले आणि गावची घरपट्टीही भांडवली मूल्यावर, रेडी रेकनरच्या आधारावर आली. मुंबईत निदान गल्लीगणिक घरे विकली जातात, भाव कळतो. आपल्या गावात मातीचे धाब्याचे घर शेवटचे कधी विकले गेले? जिथे बाजार नाही तिथे बाजारभाव कोण ठरवतो? कचेरीत बसलेला माणूस. कापसाचे पीक बुडाले म्हणून घराचे मोल उतरत नाही. कापूस मातीमोल आणि घर लाखमोलाचे, अशी ही उलटी पट्टी आहे. मात्र मुंबईकराला नाही ते एक आपल्या हाती आहे: दर किमान-कमाल मर्यादेत आपली पंचायत ठरवते, आणि सरपंच रोज चावडीवर भेटतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणि मागच्या दोन वर्षांच्या पावत्या सोबत आणाव्यात. शेजारच्या गावाचा दर काय, सारख्या घराला पट्टी सारखी आहे का, पडलेल्या भिंतीचे मोल अजून धरलेले आहे का, हे तिथेच ताडून पाहू. ज्यांची पोरे उपनगरात आहेत त्यांनी त्यांच्याकडूनही बिलाची एक प्रत मागवावी.