इवल्या शब्दांचा मोठा कारभार

इंग्रजीतील मोठमोठे शब्द आमची मुले कोशात पाहून शिकतात. अडखळतात ती ‘इन’, ‘ऑन’, ‘अॅट’, ‘बाय’ अशा इवल्या शब्दांपाशी. यांस प्रेपोझिशन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आधी ठेवणे’ असा आहे. मराठीत नाम आधी येते आणि प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय त्याच्या पाठीस लागते: ‘पेटीत’, ‘झाडाखाली’. इंग्रजीत नाते सांगणारा शब्द नामाआधी उभा राहतो: ‘इन द बॉक्स’, ‘अंडर द ट्री’.

एवढे उमगले तरी अडचण सरत नाही. कारण मराठी प्रत्ययास इंग्रजीत एकच जोडीदार नसतो. आपण सुरीने कापतो, बसने जातो, आणि कोणी तापाने दगावतो. प्रत्यय एकच, ‘ने’. इंग्रजीत मात्र सुरी हे हातातील साधन म्हणून ‘विथ’, बस हे वाहन म्हणून ‘बाय’, आणि ताप हे मरणाचे कारण म्हणून ‘ऑफ’.

‘पर्यंत’च्या बाबतीत तर चूक महागात पडते. औषध ‘टिल मंडे’ घ्या असे लिहिले असेल, तर ते सोमवारपर्यंत नेमाने चालू ठेवावयाचे. कागद ‘बाय मंडे’ आणा असे असेल, तर सोमवार उलटण्याआधी एकदा नेऊन दिले की झाले. मराठीत दोन्हीकडे ‘सोमवारपर्यंत’च, पण एकाचा अर्थ दुसऱ्यास लावला, तर औषध मध्येच सुटेल.

ही वाट उलट दिशेने चालून गेलेले एक थोर पुरुष आपणांस ठाऊक आहेत. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. मायबोलीत नामाआधी येणारे शब्द त्यांना येथे नामामागे जोडावे लागले. तरीही १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. परकी भाषा तिच्याच रीतीने आत्मसात करता येते, याहून मोठा दाखला कोणता हवा?

म्हणून आईबापांस आमचे सांगणे एवढेच: मुलांकडून सुटे शब्द घोकून घेऊ नका, जोड्या म्हणवून घ्या. घड्याळाच्या वेळेस ‘अॅट फाइव्ह’, वारास ‘ऑन मंडे’, महिन्यास ‘इन जून’. आणि मूल अडले, की मराठीतच विचारा, “बाळ, येथे नाते कोणते आहे? साधनाचे, जागेचे, की वेळेचे?” हा प्रश्न विचारावयास इंग्रजी यावेच लागते असे नाही.